भार पडल्यावर

ज्याने एकतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले त्याला पदार्थविज्ञान येतेच, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तीत फारसे तथ्य नाही. हे मी कुणा सहकाऱ्याची कुचाळकी म्हणून लिहीत नाही. स्वतःच्याच अनुभवावरून लिहितो आहे. या सदरातून वर्षभर मी वाचकांना इस्तरी, मिक्सर आणि पाण्याच्या पंपाविषयी चार गोष्टी सांगत असतो. तेव्हा निदान दिवाळीच्या अंकात तरी माणसाने स्वतःची फजिती सांगावी. फराळाबरोबर ती गोड लागते, आणि ऐकणाऱ्याच्या उपयोगीही पडते.

गोष्ट गेल्या वर्षीच्या नवरात्रातली आहे. माझी थोरली बहीण इंदापूरला दिलेली. दाजींची तिथे गावाच्या कडेला थोडी जमीन आहे, ऊस आहे, चार म्हशी आहेत. धाकट्या चिरंजिवांना मात्र उसाच्या पाचटापेक्षा कॅमेऱ्याचे वेड. लग्नाचे फोटो काढता काढता पोराने व्हिडिओचे काम सुरू केले, भाड्याने एक गाळा घेतला, आणि तालुक्यातल्या हळदी-लग्नांच्या चित्रफिती तो जुळवून देऊ लागला. काम वाढले तसा त्याचा संगणक धापा टाकू लागला. एका लग्नाची फीत पुरी व्हायला रात्र जायची, आणि पहाटे उठून पाहावे तो ती नेमकी अर्ध्यावर अडकलेली असायची. तेव्हा त्याने ठरवले की, संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवायचे.

हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणकाचा जो मुख्य प्रोसेसर असतो तो एखाद्या शास्त्रीबुवांसारखा. कितीही अवघड प्रश्न घाला, तो सोडवील. पण एका वेळी मोजकेच. उलट पडद्यावरचे चित्र म्हणजे सोप्या हिशेबांचा डोंगर. आजकाल लग्नवाल्यांना जे अतिस्पष्ट चित्र हवे असते त्याच्या एका चौकटीत ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात, आणि सेकंदाला अशा २५ चौकटी. म्हणजे दर सेकंदाला वीस कोटींवर ठिपक्यांचा रंग ठरवायचा. इथे शास्त्रीबुवांचे काम नाही. इथे ऊसतोडीची टोळी हवी. प्रत्येकाच्या हाती एकच कोयता, प्रत्येकाचे काम एकच, पण सगळे एकदम फडात उतरलेले. ग्राफिक्स कार्ड ही ती टोळी. भाच्याने घेतलेल्या कार्डात असे साडेतीन हजारांवर छोटे गणक आहेत.

या टोळीचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. कॅलिफोर्नियातल्या एनव्हिडिया नावाच्या कंपनीची स्थापना १९९३ सालची. तिने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ नावाचे कार्ड बाजारात आणले ते पोरांच्या खेळांसाठी. पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, ही टोळी चित्राखेरीज दुसऱ्या हिशेबालाही जुंपता येते. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच संस्थेचा २०२० सालचा ‘परम सिद्धी’ हा ह्याच जातीच्या गणकांवर चालतो, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जगातल्या महासंगणकांच्या यादीत तो ६३ वा आला होता. आमच्या बारामतीत ऍग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाला पाणी आणि खत किती द्यावे हे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वदवून घेण्याचा प्रयोग चालवला आहे. त्या बुद्धीलाही शिकवावे लागते, आणि तसल्या शिकवणीचे काम बहुतेक करून ह्याच टोळ्या करतात. मोरोपंतांच्या गावात आता आर्येच्या मात्रांबरोबर असलेही हिशेब चालतात.

असो. कार्डाची किंमत २७ हजार. इतके पैसे चिरंजिवांच्या गाठी नव्हते. उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता आला होता, त्यातून दाजींनी ते दिले. दिले म्हणजे कसे, तर चार दिवस काही बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी पैसे अक्काच्या हाती ठेवून शेतावर गेले. त्यांच्या मनात पोराने बारामतीच्या एमआयडीसीत नाहीतर पुण्यात कुठेतरी महिन्याच्या पगारावर चिकटावे असे होते. बाप-लेकांत त्या विषयावर बोलणे संपून वर्ष झाले होते. जे काही बोलायचे ते अक्काच्या मार्फत.

कार्ड आले, बसवले, आणि पडदा काळा! पंखे फिरतात, दिवे लागतात, पण चित्र नाही. ‘सिग्नल नाही’ एवढीच पाटी. भाच्याचा मला फोन आला, “मामा, तुम्ही येता का? आईला सांगू नका, पण अण्णांना कळलं तर अवघड आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पेचकस, मीटर आणि अक्कासाठी चिवड्याचा पुडा टाकून मी बारामतीहून एसटीत बसलो. हा रस्ता माझ्या फार आवडीचा. भवानीनगरचा साखर कारखाना, मग तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते ते बेलवाडी, मग लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. मधे वालचंदनगरला जाणारा फाटा लागतो. साखरेपासून सुरुवात केलेल्या त्या गावच्या कारखान्यात पुढे अवकाशयानाच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. मनात म्हटले, ज्या तालुक्यातून अग्निबाण जातो तिथे एका पोराचा संगणक आपल्याला चालू करता येऊ नये? गर्वाची सुरुवात अशी रम्य ठिकाणीच होते.

गाळ्यावर पोहोचताच मी पद्धतशीरपणे काम सुरू केले. वाचकांपैकी कुणावर हा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून क्रम सांगतो. पहिले म्हणजे वीज बंद करून पिन भिंतीतून काढायची, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थितिक वीज घालवायची. तिचा एक झटका आपल्याला जाणवतही नाही, पण नाजूक चकतीला तो पुरतो. दुसरे, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहायचे. पुष्कळ लोक ती सवयीने जुन्याच ठिकाणी, मदरबोर्डाच्या मागच्या खाचेत लावतात आणि नव्या कार्डाला दोष देतात. भाच्याने ती बरोबर कार्डालाच लावली होती. तिसरे, कार्डाला वरून वेगळी वीज दिली आहे का ते पाहायचे. मदरबोर्डाच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसते तो स्लॉट फार तर ७५ वॉट देतो. ह्या कार्डाची भूक १७० वॉटची. बाकीची वीज आठ पिनांच्या स्वतंत्र जोडणीने द्यावी लागते. तीही दिलेली होती. चौथे, कार्ड स्लॉटमध्ये पुरते बसले आहे का. आणि इथे चोर सापडला! कॅबिनेटच्या पत्र्याची कड जराशी वाकली होती, तिला कार्डाची पट्टी अडत होती. स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिटी असते, ती ‘टक्’ करून लागायला हवी. ती लागलीच नव्हती. पत्रा सरळ केला, कार्ड काढून पुन्हा दोन्ही कडांनी सारखा दाब देऊन बसवले. टक्! स्क्रू घट्ट केला, बटण दाबले, आणि पडद्यावर चित्र आले.

भाच्याने माझ्या पायाला हात लावला. मी “अरे, असू दे, असू दे” म्हणालो. पण पाय मागे घेतला नाही, हे कबूल केले पाहिजे.

जुना ड्रायव्हर काढून नवा घातला. चहा झाला. मग त्याने एका लग्नाची फीत तयार करायला लावली. कार्डाचे पंखे घोंगावू लागले. चार मिनिटे झाली, पाच झाली, आणि एकदम पडदा काळा! क्षणभराने संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. पुन्हा लावले, पुन्हा तेच. साधे काम करा, काही होत नाही; खरे काम सांगा, की पडदा काळा.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, “दोनच शक्यता. एक, वीज पुरत नाही. दोन, कार्ड खराब आहे.” संगणकाच्या पेटीला वीज पुरवणारा जो डबा असतो त्याला आपल्याकडे सगळे एसएमपीएस म्हणतात. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलेले. मी कागदावर बेरीज केली. कार्ड १७०, प्रोसेसर ६५, बाकी चकत्या, पंखे वगैरे धरून तीनशेच्या आतबाहेर. ४५० मध्ये सहज बसते. तरी खात्री असावी म्हणून संगणक नुसता चालू ठेवून मीटरच्या सळया पिवळ्या आणि काळ्या तारेला लावल्या. १२ व्होल्ट यायला हवेत, १२.१ आले. मी चष्मा काढला, पुसला, आणि निकाल सुनावला, “वीज निर्दोष आहे. कार्डच खराब. परत कर.”

वाचकांपैकी जे चतुर असतील त्यांना माझी चूक इथेच दिसली असेल. मला ती दिसायला आठ दिवस लागले, आणि तेही दुसऱ्याने दाखवल्यावर.

माझ्या शब्दावर विसंबून भाचा दुकानात गेला. दुकान कुठल्या गावचे, कुणाचे, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. तिथे त्याला सांगण्यात आले की, कार्ड आम्ही दिले तेव्हा चांगले होते, तुम्ही घरी जाळले. हा म्हणाला, माझे मामा विज्ञानाचे शिक्षक आहेत, त्यांनी मीटर लावून पाहिले आहे. शब्दाने शब्द वाढला. अखेर मालक म्हणाले, बदलून मिळणार नाही. फार तर निम्म्या किमतीत ठेवून घेतो. पोरगा कार्ड घेऊन परत आला तो गाळ्यावर गेलाच नाही. संगणक उचलून घरी आणला, ओसरीवर कोपऱ्यात ठेवला, त्यावर पोते टाकले. अक्काला म्हणाला, दसरा झाला की कार्ड निम्म्या किमतीत देऊन टाकतो, गाळा सोडतो, आणि पुण्याला नोकरी बघतो. हे सारे अक्काने मला फोनवर सांगितले, आणि शेवटी म्हणाली, “अरे, तुझं म्हणणं खरंच असेल. पण पोरानं जेवण टाकलंय. सोनं द्यायला येशील तेव्हा दोन दिवस राहायलाच ये.”

मी खंडेनवमीला गेलो. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. दाजींनी ओसरीवर विळे, खुरपी, टिकाव, फावडे, पाण्याच्या मोटरीचा पाना, सगळे धुऊन-पुसून मांडले होते. अक्काने हळदकुंकू वाहिले. मग तिने कोपऱ्यातले पोते काढून त्या संगणकालाही झेंडूची माळ घातली. पोरगा म्हणाला, “आई, ते बंद पडलंय.” ती म्हणाली, “बंद पडलेल्या मोटरीलाही आपण माळ घालतोच की.”

दाजी पूजा करून उठले, आणि वर्षभरात पहिल्यांदा थेट लेकाशी बोलले. “इकायचं तर इक. पर काय हुतंय ते मला एकदा दाव.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. भाच्याने संगणक जोडला, चालू केला. चित्र आले. दाजी म्हणाले, “हे तर चालतंय.” भाचा म्हणाला, “नुसतं चालतं, अण्णा. काम सांगितलं की बंद पडतं.” त्याने फीत लावली. पंखे घोंगावले. सहाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. दाजी खाली बसले, पेटीत वाकून पाहू लागले. मी माझी सगळी मीमांसा त्यांना ऐकवली. बेरीज सांगितली, मीटरने १२.१ दाखवले तेही सांगितले.

दाजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “मास्तर, मीटर तुम्ही कवा लावला? काम चालू असताना का नुसतं असताना?”

मी म्हणालो, “नुसतं असताना.”

“मग त्याला काय अर्थ हाय?” दाजी म्हणाले. “आमच्या कालव्याचं बघा. सगळी दारं बंद असली की पाणी काठोकाठ दिसतंय. सायब येतो, काठी बुडवून मोजतो, लिहून नेतो, पाणी भरपूर हाय. पर वरच्या सगळ्यांनी दारं धरली की आमच्याकडं शेवटाला काय येतं? चिखल! मोजायचं तर तवा मोजावं.”

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. भाटघरच्या धरणाचे पाणी बारामती तालुका भिजवत इंदापुरात पोहोचते ते शेवटाला. इथल्या शेतकऱ्याला वाहत्या पाण्याचे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण मी? मी एकतीस वर्षे दरवर्षी फळ्यावर तेच शिकवत आलो होतो! नुसत्या घटाला व्होल्टमीटर लावला तर जे दिसते ते वेगळे, आणि त्याच्याकडून प्रवाह घेतला की टोकांना जे उरते ते वेगळे. मधले घटाचा अंतर्गत रोध आणि तारेचा रोध खाऊन टाकतात. हा प्रश्न परीक्षेत मी इतक्या वेळा घातला असेल की, विचारू नका. ज्या ओहमच्या नावाने रोध मोजतात तो जर्मन गृहस्थही कोलोनच्या एका शाळेतला मास्तरच होता. १८२७ मध्ये त्याने आपला नियम प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही. दोनशे वर्षे होत आली तरी बारामतीच्या एका मास्तराने त्याची कदर केली नाही ती नाहीच.

मी मुकाट्याने मीटर काढला. या वेळी सळया अशा ठिकाणी लावल्या की, कार्डाला जी वीज वरून जाते ती मोजता यावी. आणि तिथेच दुसरी गोष्ट दिसली. ह्या जुन्या एसएमपीएसला कार्डासाठी लागणारी आठ पिनांची तार मुळात नव्हतीच. दुकानातून मिळालेली एक जोडतार होती. तिचे एक तोंड आठ पिनांचे, दुसरीकडे दोन साधी प्लग, जी पूर्वी चकत्यांना लावत असत. त्या साध्या तारेतून सगळी वीज कार्डाला चालली होती. पहिल्या भेटीत मी “वरची वीज दिलेली आहे” एवढेच पाहिले. कशातून दिली ते पाहिले नव्हते.

भाच्याने फीत लावली. मीटरवर १२.१. पंखे वाढले, ११.७. आणखी वाढले, ११.३. नियमाप्रमाणे ह्या १२ व्होल्टांत शेकडा पाचांचा फरक चालतो, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. ११.१ दिसले आणि पडदा काळा. दाजींनी त्या जोडतारेला बोट लावले. “ऊन लागतीय,” ते म्हणाले. “बारीक तारेवर मोठी मोटर चालवली की असंच हुतंय. मोटर जळाली म्हणून आपण मोटरीला शिव्या देतो.”

दहा अँपिअरचा प्रवाह असेल तर वाटेतला एक-दशांश ओहमचा रोधही एक अख्खा व्होल्ट गिळतो. मग मी डब्यावरची ती बारीक अक्षरांची तालिका वाचली, जी मी पहिल्या दिवशीच वाचायला हवी होती. वर ठळक ४५०. खाली १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट! कार्ड आणि प्रोसेसर मिळूनच २३५ मागत होते, आणि दोघेही नेमके ह्याच १२ व्होल्टवर जगणारे. बाकीचे वॉट त्या डब्यात इतर व्होल्टांच्या नावावर लिहिलेले होते. कालव्याची क्षमता मोठी. पण आमच्या चारीच्या नावावर पाणी तेवढे नव्हते.

तरी अजून खात्री होत नव्हती. एकदा तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकून पिऊ लागलो होतो. कार्ड निर्दोष आहे हे सिद्ध कसे करायचे? नवा डबा आणून पाहिला आणि तरीही पडदा काळाच राहिला, तर आणखी पाच हजार बुडाले. तेव्हा भाच्याच्याच डोक्यात आले. तो म्हणाला, “मामा, कार्डाची भूक कमी करता येते. १७० वॉटच्या जागी १०० वॉटच घे, असं त्याला सांगता येतं. काम सावकाश होईल.” कार्ड खराब असते तर ते तरीही मधेच कोलमडण्याचा संभव, वीज अपुरी असेल तर मात्र आता ते चालले पाहिजे.

भाच्याने तसे केले. फीत लावली. पाच मिनिटे झाली. दहा झाली. अक्का जेवायला हाका मारत होती, कुणी उठेना. मीटर ११.६ वर स्थिर होता. एकोणचाळिसाव्या मिनिटाला फीत पुरी झाली. पडद्यावर कुणाच्या तरी लग्नातली वरात वाजत-गाजत निघाली. दाजी म्हणाले, “ही तर आपल्या निमगावच्या पाव्हण्यांची पोरगी.” आणि ते ती फीत शेवटपर्यंत बघत बसले. लेकाने केलेले काम त्यांनी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते.

जेवताना कुणी फारसे बोलले नाही. हात धुतल्यावर दाजींनी लेकाला विचारले, “नवा डबा केवढ्याला?” तो म्हणाला, “चांगला घ्यायचा तर पाच हजार. पण अण्णा, आता आणखी पैसे नकोत. निम्म्यात देऊन टाकतो.” दाजी म्हणाले, “बियाणं भारी आणायचं आणि पाण्याचं बघायचं न्हाई, ह्याला शेती म्हणत न्हाईत. चुकलं असंल तर तेवढंच चुकलं.” पैसे त्यांनी या वेळी अक्काच्या हाती ठेवले नाहीत, लेकाच्या हाती ठेवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा माझ्याबरोबरच बारामतीला आला. आम्ही ६५० वॉटचा डबा घेतला. या वेळी डब्यावरचा मोठा आकडा आम्ही पाहिलाच नाही. आधी १२ व्होल्टचा रकाना वाचला, त्यात ५० अँपिअरच्या वर होते. आणि कार्डासाठीची आठ पिनांची तार त्याची स्वतःची होती. जुना डबा उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडलो नाही. वाचकांनीही पडू नये. वीज बंद केल्यावरही त्याच्या पोटात धोकादायक भार बराच वेळ टिकून राहतो. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याने कार्डाला पुन्हा १७० वॉट दिले होते. मीटर १२.० च्या खाली गेला नव्हता, आणि ज्या फितीला एकोणचाळीस मिनिटे लागली होती ती बावीस मिनिटांत पुरी झाली होती.

तुळशीचे लग्न लागले आणि लग्नसराई सुरू झाली. गाळा राहिला. उन्हाळा संपेपर्यंत २७ हजार सुटले की नाही ते मी विचारले नाही. पण मेमध्ये अक्काने फोनवर सहज सांगितले की, हल्ली बाप-लेक रात्री मिळून दारे धरायला जातात, आणि दाजी दुपारी कधीमधी गाळ्यावर जाऊन बसतात. तिथे ते काय करतात, असे मी विचारले, तर म्हणाली, “काही नाही रे. गिऱ्हाइकाला सांगतात, पोराचा डबा साडेसहाशेचा आहे.”

माझ्याकडून एक काम राहिले होते. माझ्या निकालावर विसंबून पोराने ज्या दुकानदाराशी भांडण काढले होते, त्याच्याकडे मी जाऊन आलो. म्हटले, कार्ड चांगलेच होते, चूक माझ्या मोजण्यात होती. जोडतारेविषयी मी त्याला चार शब्द सुनवणार होतो. पण त्याने चहा मागवला, आणि शेवटी ते चार शब्द मी सौम्यपणे सांगितले. अशा तारेबरोबर आता तो गिऱ्हाइकाला डब्यावरचा १२ व्होल्टचा रकाना वाचायला सांगतो, असे मला म्हणाला. खरे की खोटे ते पुढच्या गिऱ्हाइकाने पाहावे.

शाळेत मुले मला विचारत, “सर, नुसता घट आणि प्रवाह देणारा घट यांतला फरक व्यवहारात कुठे येतो?” मी टॉर्चचे, मोटारगाडीच्या बॅटरीचे उदाहरण देत असे. आता कुणी विचारले तर मी त्याला इंदापूरला दाजींकडे पाठवीन. सकाळी लवकर जावे, म्हणजे ते पाटावर भेटतात.

वाचकहो, दिवाळीत घरोघर माळा लागतील, एकाच खटक्यावर चार-चार प्लग जोडले जातील. तारेला एकदा बोट लावून पाहा. ऊन लागत असेल, तर एक माळ कमी करा.